'आता कसं होईन?' असं वाटतं तेव्हा

ऑगस्ट उजाडला की अंजनगाव-परतवाडा पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागांत गळ सुरू होते. त्याच सुमारास सोयाबीनची पानं पिवळी पडू लागतात. पानपिंपळीच्या मळ्यात पाणी साचलं की वेल माना टाकतात. बोंडअळीच्या धास्तीनं माणूस कपाशीत डोमकळ्या शोधत फिरतो. ओट्यावर, बसस्टँडच्या टपरीवर, बाजार समितीच्या शेडमध्ये तेव्हा एकच वाक्य कानावर पडतं: "आता कसं होईन?"

ही काळजी खोटी नाही. बियाणं, खत, मजुरी, पोरीची फी, सोसायटीचं कर्ज, यातलं काहीच कल्पनेतलं नाही. म्हणून 'उगाच विचार करू नका' किंवा 'पॉझिटिव्ह राहा' असं कोणी सांगितलं की आपण मान डोलावतो आणि घरी येऊन पुन्हा तेच करतो. विचार उगाच येत नाहीत, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. तेव्हा काळजी करणं सोडा, असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की काळजीत दोन गोष्टी कालवलेल्या असतात. एक, सोडवायचा प्रश्न. दुसरी, त्या प्रश्नाभोवती फिरत राहणारा विचार. प्रश्नाला हात घालता येतो. विचाराशी आपण रात्ररात्र झटतो आणि हाती काही लागत नाही. काळ्या मातीत रुतलेलं ट्रॅक्टरचं चाक जागीच फिरून आणखी खोल जातं, तसं मन खाली खाली जातं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकणं, हाच या लेखाचा विषय.

आधी हा उतार ओळखायला हवा. तो इतका हळू असतो की घरातल्यांच्याही ध्यानात येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत विचार पुढचे असतात. भाव पडला तर? पाऊस उघडलाच नाही तर? छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, झोप उशिरा लागते. माणूस चिडका होतो, पण कामाला लागलेला असतो. काही आठवड्यांनी वाक्याचा रोख बदलतो. तो शेतावरून, भावावरून स्वतःवर येतो. "माझ्याच्यानं काही होत नाही." "म्याच घराले बुडवलं." पहिल्या वाक्यांत भीती असली तरी अजून काहीतरी घडायचं बाकी असतं. या दुसऱ्या वाक्यांत निकाल लागून गेलेला असतो, आणि उदासी इथूनच आत शिरते. त्यानंतर वागणं बदलतं. माणूस ओट्यावर येईनासा होतो, भजनाला जाईनासा होतो, फोन वाजत राहतो, लग्नाची पत्रिका कपाटावर पडून राहते. जेवण होतं पण चव लागत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच.

आपल्याकडे याला कोणी उदासी म्हणत नाही. 'करमत नाही', 'जीव लागत नाही', 'डोकं भणभणते', 'हातापायात जीव नाही राह्यला' अशी भाषा असते. डॉक्टरकडे गेल्यावर तक्रार कमजोरीची, गॅसची, चक्कर येण्याची असते आणि मागणी सलाईनची. बाया डोकेदुखी, कंबरदुखी सांगतात आणि त्यांचं खरंच दुखत असतं. मनावरचा ताण शरीरात उतरतो, यात नाटक काही नाही. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासायला सांगितलं तर जरूर तपासा. त्यांच्या कमतरतेनंही माणूस गळून जातो. मात्र सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून 'काही झालंच नाही' असा अर्थ काढू नका. अमरावतीत खोली घेऊन पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरापोरींचंही असंच असतं. त्यांच्या विचारात मळा नसतो, वय निघून चाललं आहे हे असतं, आणि गावी फोन केला की "अभ्यास मस्त चालू आहे" असंच सांगावं लागतं.

आता वहीकडे येऊ. पोराची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही चालेल.

समजा, सुर्जीतला एक पानपिंपळीवाला आहे. मळा जेमतेम अर्ध्या एकराचा, आधाराला पांगारा आणि शेवरी. पावसानं झोडपल्यावर वेलांची पानं पिवळी दिसू लागली आहेत. रात्री तीनला तो छताकडे बघत पडलेला असतो. बायको कूस बदलून विचारते, "काय इचार करून राहिले जी?" तो म्हणतो, "काई नाही, झोप तू." पण डोक्यात चाललेलं असतं ते असं: मळा गेला. सोसायटीचे पैसे कुठून भरू? पोरीचं नर्सिंगचं वर्ष आहे. लोक हसतीन. बापानं मळा राखला, म्या घालवला.

दुसऱ्या दिवशी उजेडात तो ही वाक्यं जशी डोक्यात आली तशी, न सुधारता, एकाखाली एक लिहितो. मग एकेक वाक्य हातात घेतो.

'मळा गेला.' किती गेला? हे त्याला रात्री माहीत नव्हतं. सकाळी तो ओळीओळीनं फिरतो तेव्हा दिसतं की खालच्या अंगाला, जिथं पाणी तुंबतं, तिथला पट्टा पिवळा पडला आहे आणि वरचे वेल हिरवे आहेत. वहीत तो वाक्य बदलतो: 'मळ्याचा खालचा पट्टा पिवळा पडला.' हे वाक्यही सुखाचं नाही, पण यात कामं आहेत. पाणी काढून द्यायला चर खणायचा. खराब वेल मुळासकट काढून तालुका कृषी अधिकाऱ्याच्या ऑफिसात दाखवायचा. शेजारच्या मळेवाल्याला त्यानं काय केलं ते विचारायचं. 'मळा गेला' या वाक्यात एकही काम नव्हतं.

'सोसायटीचे पैसे कुठून भरू?' याला तारीख आहे. म्हणजे हा प्रश्न आहे. त्यापुढे तो लिहितो: मंगळवारी गटसचिवाला भेटून किती भरायचे, कधीपर्यंत आणि नूतनीकरणाला काय लागतं ते विचारायचं. एवढंच. पैसे कुठून येतील याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, पण नेमका आकडा कळला की काळजीला हद्द येते. अंधारात प्रत्येक कर्ज मोठं वाटतं.

पोरीच्या फीचंही असंच. कॉलेजात शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की नाही, हप्ते पाडून देतात का, हे पोरीलाच विचारायचं. इथं बापाची अडचण वेगळीच असते. पोरीला टेन्शन नको म्हणून तो बोलत नाही, आणि पोरीला सगळं दिसत असतं.

'लोक हसतीन.' याच्यापुढे काम लिहायला जागाच नाही. म्हणजे हा फिरता विचार. त्याला गोल करून ठेवायचं. 'बापानं राखला, म्या घालवला' हाही तसलाच, पण हा जास्त खोल घाव घालणारा आहे. त्याला नुसतं गोल करून भागत नाही, त्याला प्रश्न विचारावे लागतात.

प्रश्न विचारण्याची रीत आपल्याला परकी नाही. अंजनगाव तालुक्यातल्याच शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. वडील दारूपायी लवकर गेले. लहानपण आजोळी मामाकडे गेलं आणि पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. गाडगेबाबा झाल्यावर त्यांनी कीर्तनात उपदेशाचे डोस पाजले नाहीत. ते समोरच्या माणसांना साधे प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत, आणि त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न टाकत. नवसाला बकरं कापणारा, कर्ज काढून तेरवी घालणारा माणूस आपल्याच उत्तरात सापडे. तिकडे अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात आणि एरन बेक यांनी १९६० च्या दशकात मानसोपचारात, आपापल्या वाटेनं, असेच प्रश्न आणले. मनात आलेलं वाक्य खरं धरण्याआधी त्याला पुरावा मागायचा, हे त्यांच्या उपचाराचं मर्म. एलिस यांची पद्धत मराठी वाचकांना 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावानं माहीत आहे. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात शिकवली आणि रुजवली. बाबांचं कीर्तन म्हणजे मानसोपचार होता असा माझा दावा नाही. पण लाडक्या समजुतीला समोर उभं करून "हे कशावरून?" असं विचारायचं धैर्य आपल्याच मातीतलं आहे, ते आपण स्वतःच्या डोक्यातल्या वाक्यांबाबतही वापरायला काय हरकत आहे?

तर आपला मळेवाला त्या वाक्याला विचारतो. बापाच्या हयातीत मळा कधीच बसला नव्हता का? हे आईला विचारलं की ती सांगते, एका वर्षी वेल पूर्ण बसले होते, तुझ्या बापानं दोन वर्षं दुसऱ्याच्या वावरात काम केलं. मग, पाऊस एवढा पडला तो म्या पाडला का? माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं? चर आधी खणता आला असता, हे खरं, तेवढं पदरात घ्यायचं. आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी: हेच माझ्या लहान भावाचं झालं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं? भावाला आपण कधीच "तूच घर बुडवलं" म्हणत नाही. त्याला जे म्हटलं असतं तेच वहीत लिहायचं. खोटी स्तुती नको, खोटा धीर नको. भावाशी बोलतो तसं न्यायानं बोलायचं.

हे रोज पानभर लिहायची गरज नाही. विचार दाटले की लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या कोणाला सांगून लिहून घ्या, किंवा मोबाईलमध्ये बोलून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. आपलाच रात्रीचा आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकला की त्यातलं किती खरं आणि किती भीतीचं, ते बरंचसं आपोआप निवडलं जातं.

गोल केलेल्या विचारांचं काय करायचं? ते दाबायला गेलं की उसळून वर येतात. त्यावर एक साधा उपाय पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासून मांडला. काळजीसाठी दिवसातला अर्धा तास ठरवायचा, रोज तीच वेळ आणि तीच जागा. एरवी विचार आला की 'तुझी वेळ संध्याकाळी' म्हणून त्याला पुढे ढकलायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ठरलेल्या वेळी मात्र बसून मनसोक्त काळजी करायची. वेळ दिवेलागणीची ठेवा, झोपायच्या तोंडावर नको. जागा अंथरूण सोडून कुठलीही. ओटा चालेल, गोठ्याजवळची बाज चालेल. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, विचार दहादा घुसतो आणि दहादा ढकलावा लागतो. ते चुकलं असं समजू नका, ढकलणं हाच त्यातला सराव आहे. पुष्कळांना असं आढळतं की संध्याकाळ येईपर्यंत दुपारचा विचार तितका धारदार राहत नाही.

रात्रीचं थोडं वेगळं आहे. जाग येऊन बराच वेळ तळमळत असाल तर उठा. दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात बसा, झोप डोळ्यांवर आली की परत जा. अंथरुणात तासन् तास विचार केला की अंथरूण आणि विचार यांची गाठ बसते. मोबाईल हातात घेऊ नका. भावाचे ग्रुप, हवामानाचे अंदाज, कोणाचे फॉरवर्ड, हे रात्री वाचून एकही निर्णय होत नाही. धडधडत असेल तर श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच मिनिटं. धडधड पूर्ण थांबलीच पाहिजे असा हट्ट नको, ती उतरणीला लागते. मात्र छातीत दुखणं हाताकडे, जबड्याकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर ते टेन्शन समजून घरी बसू नका. आधी दवाखाना.

खर्ऱ्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे टेन्शनवरचा पहिला उपाय तोच असतो. तंबाखूतल्या निकोटिननं काही मिनिटं बरं वाटतं खरं, पण हृदयाचे ठोके त्यानंच वाढतात आणि त्याचा अंमल उतरला की बेचैनी पुन्हा येते. ती बेचैनी आपण मळ्याच्या खात्यावर टाकतो. दारूनं झोप लागते, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी गडद होते. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची तर सवय लागते. एकदम सगळं सोडा असं सांगून कोणी सोडत नाही. निदान संध्याकाळनंतरचा खर्रा आणि चहा बंद करून पाहा, झोपेत फरक पडतो का ते बघा.

आता सगळ्यांत महत्त्वाच्या गोष्टीकडे. वही लिहिली, विचार निवडले, तरी मन उठत नसेल तर सुरुवात पायांपासून करायची असते. आपला समज असा की मन लागलं की काम होईल. उदासीत हा क्रम उलटा करावा लागतो. आधी थोडं काम, मन त्याच्या मागून येतं. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी याच तत्त्वावर एक समुपदेशन तयार केलं. ते देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटींत ते रुग्णासोबत बसून ठरवत: सोडून दिलेल्या गोष्टींपैकी कोणती, कोणत्या दिवशी, किती वेळ परत सुरू करायची. २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या उपचाराला याची जोड मिळालेले लोक ती न मिळालेल्यांपेक्षा अधिक सावरले.

घरी हे करायचं तर मागच्या दोन महिन्यांत काय काय सुटलं ते आठवा. पहाटेचं फिरणं, शनिवारी मारुतीला जाणं, मित्राकडचा चहा, बैलांना धुणं, लेकीला फोन. त्यातलं सगळ्यांत लहान एक निवडा आणि त्याला वार-वेळ द्या. 'फिरायला जाईन' असं नको, 'उद्या साडेसहाला शहानूरच्या पुलापर्यंत जाऊन येईन' असं ठरवा. जाताना मन लागणार नाही. लागलं नाही तरी चालेल, जाऊन या. परत आल्यावर आधी कसं वाटत होतं आणि आता कसं वाटतं, एवढं वहीत टिपा. पहिल्या दिवशी फरक शून्य असू शकतो. चारपाच दिवसांत कुठलं काम केल्यावर मन किंचित हललं, ते दिसू लागतं आणि पुढचं त्यावरून ठरवता येतं. माणसांत जाण्याच्या गोष्टी मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात, कारण 'लोक हसतीन' हा विचार घरात बसून कधीच खोटा ठरत नाही. ओट्यावर गेलं की चौघांच्या मळ्यात पाणी साचलेलं आहे हे कळतं.

बायकांसाठी हा सल्ला तसाच्या तसा लागू होत नाही. घरची सून पहाटेपासून कामातच असते, तिला आणखी काम सांगणं म्हणजे क्रूरपणा. तिच्या दिवसात नसतं ते स्वतःचं काही आणि बोलायला कोणी. बचत गटाची बैठक, माहेरी फोन, दुपारी शेजारणीसोबत अर्धा तास निवांत बसणं, हे तिच्यासाठी औषधासारखं महत्त्वाचं समजून सासूनं आणि नवऱ्यानं त्या वेळी घर सांभाळावं. बाळंतपणानंतर रडू येत असेल, बाळाजवळ मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर 'नखरे' म्हणून सोडून देऊ नका. तो आजार आहे आणि तो बरा होतो.

काळजीचं मूळ सावकार असेल तर वहीनं भागणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. जाताना एकटे जाऊ नका.

मदत कधी घ्यायची? उदासी, किंवा कशातच रस न वाटणं, जवळजवळ रोज आणि दोन आठवड्यांहून जास्त असेल, झोप-भूक बिघडली असेल, कामं अडत असतील, तर वाट पाहू नका. गावातल्या आशाताईंना सांगा. राज्य सरकारनं २०१५ नंतर आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आशा घरोघर जाऊन विचारपूस करतील अशीच रचना होती. अंजनगावच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना भेटून फक्त 'कमजोरी' सांगू नका. 'झोप लागत नाही, विचार थांबत नाहीत, जगण्यात गोडी वाटत नाही' असं सरळ सांगा. पुढच्या उपचाराची वाट अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाकडे, म्हणजे आपल्या इर्विनकडे, जाते. घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

विचारल्यानं, बोलल्यानं फरक पडतो याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. 'विश्राम' नावाचा कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवला गेला. गावातलेच कार्यकर्ते लोकांशी टेन्शनबद्दल, त्यांच्याच भाषेत बोलत. गरज असेल त्याला प्रशिक्षित समुपदेशक भेटे आणि त्याहून जास्त लागलं तर मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जण त्यासाठी कोणाची मदत घेत होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७ वर गेलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिॲट्री'त प्रसिद्ध झाले. तरीही शंभरातले त्र्याहत्तर बाहेर राहिले, हे मला टोचतं. पण चार जणांचे सत्तावीस होतात ते दारात येऊन कोणी विचारलं म्हणून, हेही त्यातून दिसतं.

डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, तोवर आधी मळमळ, डोकं जड होणं असा त्रास होऊ शकतो. म्हणून चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. आणि बरं वाटू लागलं की मनानं बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. भगताकडे, दर्ग्यावर, मंदिरात गेल्यानं कोणाला आधार मिळत असेल तर त्यानं जावं, गोळी घेऊन जावं.

घरातल्यांसाठी. उदास माणसाला "लोकांचं बघ, त्यांच्यापुढे आपलं काहीच नाही" असं सांगू नका. त्यातून त्याला फक्त एवढंच ऐकू येतं की आपल्याला साधं दुःखही नीट करता येत नाही. सल्ल्याआधी बसा. जनावरांना चारा टाकताना, मोटारवर जाताना, हात कामात असताना वऱ्हाडी माणूस जास्त बोलतो. बोलण्यात 'माझ्यामागं तुमचं बरं होईन', 'आता सुटलो तर बरं' असं आलं किंवा तो अचानक देणीघेणी मिटवू लागला, वस्तू वाटू लागला, तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येते का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. कोणीतरी विचारलं म्हणून ओझं हलकं होतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन लावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र तणावाखालचा मानलं आहे आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे.

आणि फवारणीचं औषध घरात ठेवू नका. ते कुलपात, वस्तीपासून लांब आणि चावी दुसऱ्याकडे. श्रीलंकेनं सर्वांत जहरी कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी उतरलं. त्या क्षणी विष हाताशी नसलं तर क्षण टळतो, आणि टळलेल्यांतली बहुतेक माणसं पुढे जगतात.

सावरल्यावरही काळजी परत येते. पुढच्या ऑगस्टात गळ पुन्हा सुरू होणारच आहे. म्हणून बरं वाटत असतानाच वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या घसरणीच्या पहिल्या खुणा लिहून ठेवा. कोणाच्या बाबतीत ती पहाटेची जाग असते, कोणाच्या बाबतीत फोन न उचलणं, कोणाचा खर्रा दुप्पट होतो. त्याखाली मागच्या वेळी कशानं मन हललं ते आणि दोन माणसांचे नंबर. ते पान बायकोला किंवा भावाला दाखवून ठेवा आणि सांगा, यातल्या दोन गोष्टी दिसल्या की मले विचारजो.